तुतीच्या पलीकडचं दार

१९ जानेवारी

आत्या,

आधी पाया पडते, म्हणजे ओरडायला तुला जरा जड जाईल. पत्राला उशीर झाला, कबूल. पण तूच म्हणालीस ना, "फोनवर तू नुसतं हो हो करतेस आणि तिकडे हात दुसऱ्याच कामात, त्यापेक्षा पत्र लिही." म्हणून आज सगळं बाजूला सारून, खुर्चीत नीट बसून लिहितेय.

बातमी मोठी आहे. आपली वसाहत पाडून नवी घरं बांधायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं, आणि साहेबांनी नकाशा माझ्या हाती दिला. माझ्या, आत्या! ज्या अंगणात मी गुडघे फोडून घेतले, त्या अंगणाचा नकाशा मी काढायचा! पहिल्या दिवशी कागद पसरला आणि पेन्सिल धरून नुसतीच बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय गं, रेघ ओढता येईना का?" म्हटलं, कुठेही ओढली तरी ती कुणाच्या ना कुणाच्या घरातूनच जातेय.

परवा जागेवर जाऊन आले. घरांच्या दोन्ही ओळी पाडून झाल्यात. मधली तुती तेवढी उभी आहे, एखादी पाहुणी चुकून लवकर आल्यासारखी. तुझ्या स्वयंपाकघराची हिरवी फरशी अजून जमिनीला चिकटून आहे. ओट्यापाशी, तू उभी राहायचीस तिथे, ती झिजून पांढुरकी झालीय. त्या जागेवर मी उभी राहिले आणि खरं सांगते, भूक लागली.

आता नकाशाचं सांगते. वरच्या मंडळींना मोठा मनोरा हवा होता. साहेब आणि मी महिनाभर भांडलो. शेवटी ठरलं ते असं: तीन मजल्यांच्या वर जायचं नाही. घरं सगळी अंगणाभोवती. गाड्या बाहेर, रस्त्याकडेला. अंगणात चाक फिरणार नाही. छतावरचं पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाकीत. धुण्याभांड्यांचं पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून गाळून झाडांना. भिंती जाड, म्हणजे उन्हाळ्यात घर तापणार नाही. भाजी लावायला प्रत्येकाला एकेक वाफा. आणि प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे. ही शेवटची गोष्ट मी कुठल्या पुस्तकातून उचललेली नाही, तुझ्या घरातून उचललीय.

जुन्या सगळ्या रहिवाशांना घर मिळणार आहे. तुझं तळमजल्यावर, जिना नको म्हणून. आणि तुझ्यासाठी एक गंमत केलीय. तुझं दार अगदी शिवणवाल्या शेजारीण काकूच्या दारासमोर ठेवलंय, होतं तस्सं. मधे तुती. तुम्हा दोघींसारख्या जिवलग मैत्रिणी मी जन्मात दुसऱ्या पाहिल्या नाहीत. सुट्टीत मी तुझ्याकडे यायची तेव्हा सकाळपासून तुमचं जे सुरू व्हायचं, तू तुझ्या दारात, ती तिच्या दारात, आणि मधे निरोप घेऊन पळायला मी! साहेबांना हेच सांगितलं. म्हटलं, दोन दारं समोरासमोर ठेवा, माणसं आपोआप बोलतात.

मार्चअखेरपर्यंत सगळ्यांचा होकार यायला हवा. जे नको म्हणतील त्यांचं घर दुसऱ्यांना जाईल. तू कशाला नको म्हणशील म्हणा!

तुझी
भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरे,

सुखी राहा. जमलंच तर थोडी शहाणीही हो.

पत्र वाचताना फरशीपर्यंत आले आणि चष्मा काढून ठेवावा लागला. ती फरशी ह्यांनी स्वतः बसवली होती. गवंडी म्हणाला होता, "मी बसवतो." हे म्हणाले, "त्यात काय एवढं!" त्या 'त्यात काय एवढं'चा परिणाम म्हणून ती आयुष्यभर तिरकी राहिली. पाणी सांडलं की सरळ दाराबाहेर धावायचं. मी रोज नावं ठेवायची. आता ह्यांना जाऊन इतकी वर्षं झाली आणि ती फरशी अजून टिकलीय हे वाचून मला काय झालं ते लिहिता येत नाही.

पाणी झाडांना, गाड्या बाहेर, खिडक्या अंगणाकडे. सगळं छान. तुझ्या बापाला दाखव, त्याला वाटत होतं तू नुसती रंगीत पेन्सिली संपवतेस.

पण मग शेवटचं पान वाचलं. भिंगरे! मैत्रिणी? जिवलग? डोंबल माझं!

अगं, आमचं बोलणं बंद होतं. तू शाळेत जेमतेम जायला लागली होतीस तेव्हापासून. तू ज्याला गप्पा समजत होतीस ते भांडण होतं, बाई! ती दारात उभी राहून म्हणायची, "भिंगरी, सांग तुझ्या आत्याला, नळ उघडा राहिलाय." मी म्हणायची, "भिंगरी, सांग काकूला, दुसऱ्यांच्या नळांवर डोळा ठेवायचा तर पाणीखात्यात नोकरी धरावी." लेकी बोले सुने लागे, दुसरं काय! निरोप आम्ही दोघींनी आधीच ऐकलेला असायचा. तरी तू धापा टाकत इकडून तिकडे पळायचीस आणि शब्द न् शब्द पुन्हा सांगायचीस, हातवाऱ्यांसकट. म्हणून तर तुझं नाव भिंगरी पडलं.

आणि हे सगळं कशावरून? त्या तुतीवरून. मी दवाखान्यात नर्स. माझे गणवेश पांढरेशुभ्र. वाळत घालायची दोरी माझ्या खिडकीपासून तुतीपर्यंत. तुती पिकली की माझ्या कपड्यांवर जांभळी नक्षी. एकदा वरच्या बाई तपासणीला आल्या आणि माझ्या पाठीवर हा एवढा डाग. सगळ्या वॉर्डासमोर मला झापलं. घरी येऊन मी हिला म्हटलं, "झाडाचं काहीतरी कर." ही म्हणाली, "तू दोरीचं कर." त्याच आठवड्यात माझ्या चादरी वाळत होत्या आणि दोरीची फांदी मोडली. फांदी किडकी होती. आजही मी तेच सांगते, किडकी होती. पण ती म्हणाली, "तू मुद्दाम केलंस." झाड तिच्या नवऱ्यानं लावलेलं, तो आदल्याच वर्षी गेलेला, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण मुद्दाम? मी? माझंही डोकं फिरलं. ते फिरलेलंच राहिलं.

तेव्हा मी काही येत नाही. त्या दारासमोर तर मुळीच नाही. इथे मुलाकडे मी मजेत आहे. अठरावा मजला, वारा भरपूर, लिफ्ट आहे, मुलगा आणि सूनबाई तळहाताच्या फोडासारखं जपतात. माझं घर गरजूला दे.

आणि हो, नकाशात कपडे वाळवायची दोरी कुठे दिसली नाही. कपडे काय हवेत वाळणार?

तुझी
आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग डोकं धरून बसले. माझ्या लहानपणातला सगळ्यात आनंदाचा आवाज म्हणजे एक भांडण होतं! डोळे मिटले की मला अजून ऐकू येतं, तुझं "भिंगरी, सांग तिला" आणि तिकडून तिचं "भिंगरी, सांग तिला." मला वाटायचं, माझ्यासाठीच मुद्दाम चाललेला खेळ आहे. आणि मी शहाणी, भर बैठकीत उभी राहून हेच उदाहरण दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता कुठे तोंड लपवू?

पण एक सांग. बोलणं बंद होतं, मग तुझे गणवेश कोण शिवायचं? कापड मी स्वतः काकूकडे नेऊन दिलंय. शिवून झालेले मीच आणलेत. आणि मला पक्कं आठवतंय, तू घालून आरशासमोर उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "बसलाय हं नीट!" हे कुठलं भांडण?

बरं, तुझं ऐकलं मी. दार हलवायचं ठरवलं. काकूला सांगायला तिच्याकडे गेले. घरं होईपर्यंत ती मागच्या रस्त्यावर भाड्याच्या खोलीत राहतेय. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि खिडकीशी शिवणयंत्र. बाकी सगळी जागा कापडांच्या गठ्ठ्यांची. मी म्हटलं, "काकू, आत्याचं दार पलीकडच्या बाजूला नेतेय." तिनं मला पुन्हा बोलायला लावलं. मग यंत्र थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"भिंगरी, सांग तुझ्या आत्याला, तिचं दार हललं तर मी पण घर घेणार नाही. समोर कुणी नवीन माणूस आणून बसवलंस, तर मी बघू कुणाकडे?"

बघ, तू भांडण म्हणतेस. ह्यालाच लोक तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं आणि एक गाऊन हातात ठेवला. बारीक निळ्या रेघांचा, दोन खिशांचा. म्हणाली, "सांग तिला, जुन्या अंदाजानं शिवलाय. माणूस डोळ्यांसमोर नसताना शिवायची मला सवय नाही. चुकला असेल तर तिनंच इतकी वर्षं लांब राहून चुकवला." तो सोबत पाठवतेय. घालून बघ आणि कळव.

दोरीचं लक्षात आहे. खरंच विसरले होते. अख्ख्या नकाशात दोरी नाही, आणि दहा जणांनी तपासूनही एकाला दिसलं नाही.

तुझी
भिंगरी


६ मार्च

भिंगरे,

जमेना आणि करमेना ते तुझं तुला ठेव. मला उगीच म्हणी ऐकवू नकोस, मी तुला अंघोळ घातलेली आहे.

गणवेशांचं विचारलंस म्हणून सांगते. अख्ख्या गावात माझ्या खांद्यांना कुणाचा हात बसत नव्हता. एक खांदा खाली आहे माझा, पेशंट उचलून उचलून. दुसरीकडे शिवलं की गळा एका बाजूला घसरायचा. मग काय करणार? भांडण आपल्या जागी, खांदा आपल्या जागी. कापड तुझ्या हाती पाठवायची. आणि गंमत ऐक. बोलणं बंद झाल्यावर तिनं माझं माप कधीच घेतलं नाही. घेणार कसं, जवळ यायला हवं ना! समोरून बघायची नुसती. मी नळावर जाताना, दोरीवर कपडे टाकताना. तुझ्या भावाच्या, म्हणजे माझ्या लेकाच्या, वेळी मी सुटले, तर पुढचा गणवेश आपणहून सैल आला. टायफॉइडमधून उठले, तर बारीक होऊन आला. मी एकदाही निरोप धाडला नव्हता. एकदाही चुकला नाही.

आता चुकला. तुझा तो गाऊन मला ढगळ होतो. खांद्यावरून उतरतो, कमरेला दोन वेढे बसतात. सांग तिला, हात गेला म्हणावं. वय झालं. आता यंत्राला तेल घालून कपाटात ठेव.

रेघा मात्र छान आहेत. तशाच रेघांचे पडदे होते तिच्या दाराला. सकाळी पडदा बाजूला झाला की मी समजायची, उठली बया. मग मी मुद्दाम बादली आपटायची. ती खोकायची. झाला आमचा दिवस सुरू. इथे पडदे रिमोटनं सरकतात. सूनबाईनं दाखवलंय मला, पण मी हात लावत नाही.

परवा लिफ्टमधे एक बाई भेटल्या. हसून म्हणाल्या, "कुणाकडे आलात?" मला वाटलं सांगावं, अहो, मी इथेच राहते, तुमच्या वरच्याच मजल्यावर, केव्हापासून. पण मजला आला त्यांचा. मी म्हटलं, "मुलाकडे." खोटं नव्हतं ते.

मी मजेत आहे. दार हलव किंवा ठेव, माझा नकार आहे.

तुझी
आत्या


१६ मार्च

आत्या,

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं. इतक्या मोठ्यानं वाचलं की खालून जाणारे दोघं थबकून वर बघायला लागले. तिला तसंच मोठ्यानं वाचलेलं आवडतं. गणवेशांचं आलं तेव्हा ती गालात हसली. "हात गेला" आलं तेव्हा मला वाटलं, आता कात्री फेकते. पण नाही. हातातलं कापड घडी करून मांडीवर ठेवलं. मग म्हणाली,

"माझा हात गेलेला नाही. ती गेलीय निम्मी. भिंगरी, सांग तिला..."

आणि थांबली. "नको. तिला काही सांगू नकोस. तू जाऊन बघून ये."

मला कामातून निघता येत नाही, म्हणून पत्रातच विचारते, आणि ह्या वेळी मला "मजेत" नको आहे. तू जेवतेस का? काय जेवतेस? कुणाबरोबर? एवढी सैल कशी झालीस?

इथलं सांगते. गेला आठवडा तुतीनं खाल्ला. आमच्या इंजिनिअरचं म्हणणं, टाकी नेमकी तिच्याखाली येते, झाड काढू, त्याच्या बदल्यात दहा लावू. मी म्हटलं, दहा लावा, पण ही राहणार. तो म्हणाला, "बाई, एका झाडासाठी टाकी हलवायची?" मी म्हटलं, हो. साहेब म्हणाले, "कारण काय लिहू?" मी म्हटलं, लिहा, मुळं चांगली आहेत, सावली मोठी आहे. दोन्ही खरंच होतं. टाकी हलली. तुतीच्या बुंध्याला फळ्या बांधून घेतल्यात, धक्का लागू नये म्हणून. तुझी हिरवी फरशी मलब्यात चालली होती, तीही निवडून काढलीय. काही फुटली, बरीच वाचली. कुठे वापरणार ते आत्ता सांगत नाही.

आणि दोरी! पलीकडच्या भिंतीलगत, भरपूर उन्हात, सगळ्यांची मिळून एक मोठी जागा, तुतीपासून लांब. एकही फळ पडणार नाही. तुमच्या दोघींच्या भांडणाचं कारणच मी नकाशातून काढून टाकलंय. आता राहिलं काय?

आत्या, मी इतक्या लोकांसाठी घरं काढतेय, पण कागदावर बोट ठेवलं की ते तुझ्याच दारावर जातं. तिथे दुसऱ्या कुणाचं नाव लिहायला माझा हात होत नाही. मार्च संपत आलाय.

तुझी
भिंगरी


२५ मार्च

भिंगरे,

जेवते. ताट वाढून घेते आणि खिडकीपाशी बसते. अठराव्या मजल्यावरून माणसं दिसतात, पण कोण कोण ते कळत नाही. अर्ध्यात उठते. एवढंच आहे.

पोरांचा दोष नाही, त्यांना बोल लावू नकोस. सकाळी आठला जातात, रात्री दमून येतात. आल्यावर दोघंही विचारतात, "आई, काही हवंय का?" किती मायेनं विचारतात! काय सांगू त्यांना? मला भांडायला कुणीतरी हवंय, असं सांगू? इथे माझ्यावर कुणी रागावतसुद्धा नाही गं. मी नळ उघडा ठेवला तर कुणाला कळणार आहे? रंगीत साडी नेसले काय, पांढरी नेसले काय, कोण बघतंय?

तो गाऊन पट्टा बांधून घालते मी रोज. काल आरशासमोर उभी राहिले आणि वाटलं, जिनं मला एकदाही न चुकता ओळखलं, तिचाही अंदाज चुकला, म्हणजे मी फारच लांब आले.

मुलाला सांगितलं. त्यानं खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली. मग म्हणाला, "आई, तुला तिथे एकटीला..." मी म्हटलं, अरे, एकटी इथे आहे. त्याला लागलं ते. मलाही लागलं. सूनबाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "सुट्टीला आम्ही येऊ तिकडे." येतील. पोरं चांगली आहेत.

तर माझा होकार कळव. दार हलवू नकोस. पण तिला स्पष्ट सांग, मी घरासाठी येतेय, तिच्यासाठी नाही, आणि मी तिच्याशी बोलणार नाही. पहिल्यांदा तिनं बोलायचं. "मुद्दाम केलंस" असं ती म्हणाली होती, मी नाही.

तुझी
आत्या


४ एप्रिल

भिंगरे,

मधली दोन वर्षं तू चुना-मातीत होतीस आणि मी बोचकी बांधत. आता मी नव्या घरी येऊन आठवडा होतो आणि तू पुढच्या कामासाठी दुसऱ्या गावी. घर बांधून पळून जाणारी तू पहिलीच. फोनवर सांगून टाकलं असतं, पण हे सगळं फोनवर मावणार नाही.

मुलगा-सूनबाईनं सामान लावून दिलं आणि गेले. घर छान आहे. भिंती गार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं अंगण दिसतं. कर्दळीला लाल फुलं आलीत, धुण्याच्या पाण्यावर! वरच्या मजल्यावरची नवी पोरगी येऊन विचारून गेली, वाफ्यात काय लावू म्हणून. आणि दार उघडलं तर पायाशी माझी हिरवी फरशी! माझ्या दारापासून थेट तिच्या दारापर्यंत, तुतीला वळसा घालून गेलेली पायवाट. आणि तिरकी! भिंगरे, ती तू मुद्दाम तिरकी बसवून घेतलीस ना? उंबऱ्यावरच बसले मी, आणि ह्यांच्या नावानं चांगली रडले.

मग डोळे पुसले, बादली भरली आणि आपटली. चांगली आपटली. समोर तेच निळ्या रेघांचे पडदे. खोकला नाही. मी तुतीकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "काही लोकांचं झाड अजून उभं आहे म्हणायचं!" काही नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "काही लोक शेजारी आले तरी पडदा सरकवत नाहीत!" काही नाही. तिसऱ्या दिवशी ती दाराशी आली, फुलझाडाला पाणी घातलं, मी तिच्या पाठीमागे नळ सोडून ठेवला, धो धो. ती आत निघून गेली. नळाचंसुद्धा बोलली नाही!

खरं सांगते, माझं काळीज तुटलं. भांडण मला चाललं असतं. पण ही नुसती गप्प. मला वाटलं, संपलं. हिच्या लेखी मी कुणी राहिलेच नाही. कशाला आले मी मुलाचं घर सोडून! त्या संध्याकाळी त्याला फोन लावायला घेतला होता, ने म्हणून सांगायला.

तेवढ्यात तिच्या घरातून शिट्टी ऐकू आली. चहाच्या किटलीची. वाजतेय, वाजतेय, थांबेचना. मी खिडकीतून बघितलं. ती यंत्रापाशी, पाठ किटलीकडे, शिवत बसलेली. अख्खं अंगण ऐकतंय, वरची पोरगी गॅलरीत आली, आणि हिला पत्ता नाही. मान वळेना.

भिंगरे, मी आयुष्य वॉर्डात काढलं. एका क्षणात कळलं. आणि मग एकेक आठवलं. तुला पुन्हा बोलायला लावायची. मोठ्यानं वाचलेलं आवडतं म्हणे! तुला ठाऊक होतं, आणि तू मूग गिळून बसलीस. तिनंच शपथ घातली असणार, "तिला सांगू नकोस, कीव करेल." हो ना? थांब, भेट तू मला.

अंगात तिचाच तो ढगळ गाऊन, मी चप्पल न घालताच निघाले. इतक्या वर्षांत जे अंगण ओलांडलं नव्हतं ते ओलांडलं. फरशी पायाला गार लागत होती. आत गेले, गॅस बंद केला. तेव्हा तिनं मान वर केली. दचकली नाही. चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत बघितलं, खांद्यापाशी थांबली, आणि म्हणाली,

"दोन बोटं आत घ्यावा लागेल."

मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "फांदी किडकी होती!"

ती म्हणाली, "दोरी घट्ट होती."

मग आम्ही दोघीही रडायला लागलो. मेलीनं माझ्या खांद्याला धरलं, खालच्या, आणि दुसऱ्या हातानं शिलाई चाचपत राहिली. किटली करपली होती, मग चहा माझ्याकडे झाला.

आता रोज सकाळी मला तिच्याकडे जावं लागतं. इथून ओरडून उपयोग नाही, कानाशीच जावं लागतं. बोलायचं खूप साठलंय, टोमणे तर पोतंभर आहेत. पण भिंगरे, इतक्या जवळून नीट भांडता येत नाही गं. तिच्या केसांना साबणाचा वास येतो, आणि मी काय म्हणायला आले होते तेच विसरते.

तुतीला फळं धरलीत. सुट्टी काढून ये. पांढरे कपडे घालून येऊ नकोस.

ती शेजारीच बसलीय, गाऊन आत घेतेय. म्हणतेय, "भिंगरीला सांग, आता आमच्यामधे पळायला कुणी नकोय. नुसतंच ये म्हणावं." सांगितलं बाई.

तुझी
आत्या